पुडी फोडण्याआधी

ताई,
मी २७ वर्षांची आहे. फार्माकॉग्नोसीत (वनस्पतींपासूनच्या औषधांचं शास्त्र) एम.फार्म. केलं, आता एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये नोकरी करते. माझा दादा ३९ वर्षांचा. दारूमुळे त्याला गेल्या दिवाळीत कावीळ झाली, पोटात पाणी झालं, अकरा दिवस ॲडमिट होता. डॉक्टरांनी एक थेंबही चालणार नाही असं बजावलं. अडीच महिने बंद होती. मग एका लग्नात सुरू झाली ती आता रोज रात्री, लपून. पाणी कमी करायची गोळी तेवढी तो घेतो. अशक्तपणा जावा म्हणून वहिनी रोज द्राक्षासव देते.
त्याच्या आजारपणात मी चिनी वनौषधींबद्दल वाचायला लागले आणि त्यातच गुंतत गेले. दारूने खराब झालेल्या लिव्हरवर त्यांच्याकडे केवढं काम झालंय! नोकरी सोडून चीनमध्ये पाच वर्षांचा कोर्स करावा असं मनात आहे. दरम्यान एक पावडर ऑनलाइन मागवली आहे. पुडीवर लिहिलंय : कुडझू रूट, शिझान्ड्रा, हो शौ वू, लिकोरिस. 'लिव्हर डिटॉक्स.' दादा आणखी कुठलंही औषध घ्यायला तयार नाही, म्हणून सकाळच्या चहात गुपचूप घालावी का? वहिनी म्हणते, घाल.
– मिरजेची एक वाचक

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात एक हुशार विद्यार्थिनी दिसली, दुसऱ्या वाचनात घाबरलेली बहीण. तू दोघींचे प्रश्न एका दमात विचारलेस, मी मात्र त्यांची उत्तरं वेगवेगळी देणार आहे. विद्यार्थिनीला मी 'जरूर शीक' म्हणणार आहे. बहिणीला म्हणते, ती पुडी फोडू नकोस. घाई बहिणीची आहे, म्हणून आधी पुडीचं बघू.

मी तीस वर्षं फार्माकॉग्नोसी शिकवली. पुडीवरची नावं वाचायची मला खोडच आहे, आणि तुलाही ती लागली असेल अशी आशा आहे. चल, एकेक नाव घेऊ.

कुडझू. चिनीत या मुळीला 'ग-गन' म्हणतात, उच्चार ऐकला तर आपलं गगन वाटावं असा. आपल्या विदारीकंदाची ही सख्खी चुलत बहीण, दोघी एकाच प्युरारिया कुळीतल्या. हार्वर्डमध्ये विंग मिंग क्युंग आणि बर्ट व्हॅली या दोघांनी १९९३ साली या मुळीचा अर्क सीरियन गोल्डन हॅमस्टरना दिला. हा उंदरासारखा प्राणी मोठा रंगेल, पाणी आणि दारू शेजारी ठेवली तर आपण होऊन दारूकडे जातो. अर्क दिल्यावर त्याचं पिणं निम्म्याहून खाली आलं. तू वाचलेल्या लेखांचं मूळ बहुधा इथेच आहे.

आता त्यापुढचं वाच. मुळीतल्या डेडझिन नावाच्या द्रव्याने हे होतं असं त्यांना दिसलं, आणि डेडझिन काय करतं? दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी. मग एएलडीएच-२ नावाचं विकर (एन्झाइम) त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं. डेडझिन नेमकं हेच दुसरं विकर अडवतं. हे वाचून तुला दुसरं एक औषध आठवायला हवं. डायसल्फिराम! १९४८ साली कोपनहेगनमध्ये हाल्ड आणि याकोबसेन यांनी दारू सोडवण्यासाठी पुढे आणलेलं. ते घेऊन माणूस प्यायला की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. एसटी स्टँडच्या भिंतीवर आणि रिक्षाच्या पाठीवर 'न सांगता दारू सोडवा' अशा ज्या जाहिराती असतात, त्या पुड्यांत हेच सापडल्याचे प्रकार झालेत. ज्याला आपण काय घेतलंय हेच माहीत नाही असा माणूस रात्री नेहमीसारखी क्वार्टर लावतो आणि पहाटे त्याला दवाखान्यात न्यावं लागतं. त्यात डायसल्फिराम स्वतःच लिव्हरला इजा करू शकतं, म्हणून दादासारख्या रुग्णाला जाणते डॉक्टर ते देत नाहीत.

कुडझूची मुळी म्हणजे डायसल्फिराम, असं मी म्हणत नाही. चहात पडणाऱ्या चमचाभर पावडरीत डेडझिन किती, हे ना तुला माहीत ना विकणाऱ्याला. पण लिव्हरच्या माणसाच्या शरीरात ॲसिटाल्डिहाइड साठवणारी गोष्ट, तो रोज पीत असताना, त्याला न सांगता घालायची? तू क्यूसीत बसतेस. असा नमुना तुझ्या टेबलावर आला असता तर तू त्यावर सही केली असतीस का?

शिझान्ड्रा. चिनीत 'वू-वेई-त्स', म्हणजे पाच चवींचं फळ. हे नाव मला फार आवडतं, आणि फळ खरंच गुणी आहे. त्यातल्या द्रव्यांवर काम करताना चिनी शास्त्रज्ञांनी बायफेन्डेट नावाचं औषध बनवलं, ते कावीळवाल्यांची एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) झरझर खाली आणतं. गंमत अशी की औषध थांबवलं की बऱ्याच जणांची एसजीपीटी पुन्हा वर जाते. म्हणजे रिपोर्ट सुधारला, पण लिव्हर सुधारलं का, हा प्रश्न तसाच राहिला. तुला ही मुळी-फळं शिकायची असतील तर हा प्रश्न उशाशी घेऊन झोपावं लागेल. त्याकडे पुढे येते.

हो शौ वू. हे नाव वाचल्यावर मी चष्मा काढून पुसला. काळ्याभोर केसांची ही प्रसिद्ध मुळी, हो नावाच्या एका म्हाताऱ्याचे पांढरे केस हिच्यामुळे काळे झाले अशी दंतकथा आहे. काळ्या घेवड्याच्या रसात शिजवून शुद्ध केलेली वेगळी आणि कच्ची वेगळी, असा भेद तिथले वैद्य करतात. पण आज जगभरच्या यकृततज्ज्ञांना ही मुळी केसांसाठी माहीत नाही, लिव्हर बिघडवण्यासाठी माहीत आहे. चीनच्याच औषध नियामकांनी तिच्याबद्दल इशारे दिलेत. एचएलए-बी-३५:०१ हा जनुकप्रकार असणाऱ्यांना ती जास्त घातक ठरते, हेही चिनी संशोधकांनीच शोधलं. आणि 'लिव्हर डिटॉक्स' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीत ती आहे! बिब्ब्याने फोड आलेल्याला बिब्बाच चोळायला देण्यातला प्रकार.

राहिलं लिकोरिस, म्हणजे आपलं ज्येष्ठमध. घसा बसला की आई तोंडात ठेवायला द्यायची तेच, म्हणून तुला त्याची भीती वाटली नसणार. घशासाठी काडी चोखणं वेगळं. रोज पोटात जाणारं ज्येष्ठमध शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घालवतं, रक्तदाब वाढवतं. दादाच्या पोटात पाणी झालं होतं आणि ते कमी करायची गोळी चालू आहे. त्या गोळ्यांतल्या काहींनी पोटॅशियम आधीच कमी होतं. एकीकडून गोळी पाणी काढणार, दुसरीकडून पुडी ते भरणार, आणि मध्ये पोटॅशियम घसरून गुंगी चढली तर वहिनीला वाटणार, प्यायलाय म्हणून झोपलाय.

चार नावांत हे एवढं निघालं. पुडीवर न लिहिलेलं काय आहे ते वेगळंच. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्सच्या एका वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये बायकांना चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या गेल्या. 'फांग-ची' नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका मुळीऐवजी नावाने जवळची दुसरीच मुळी त्यांत आली होती, ॲरिस्टोलोचिया कुळातली. शंभराच्या आसपास बायकांच्या किडन्यांना इजा झाली. चीनमध्येही असंच. 'सान-ची' नावाची मोलाची मुळी आहे, आणि तिच्या नावाशी जवळीक असलेली 'थू-सान-ची' ही परसातली वनस्पती. मुक्कामार लागला की लोक सान-ची समजून ही दुसरी खातात आणि लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पाडून घेतात. नावातला एक शब्द इकडचा तिकडे झाला, एवढंच.

चिनी तेवढं वाईट आणि आपलं तेवढं सुरक्षित, असं मला म्हणायचंय असं समजू नकोस. कोरोनाच्या काळात लोकांनी गुळवेलीचे काढे घागरीने प्यायले, आणि लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली.

आता वहिनीच्या द्राक्षासवाबद्दल, कारण पत्रात ते तू सहज लिहून गेलीस. आसव-अरिष्टं आंबवून करतात. त्यात मद्यार्क आपोआप तयार होतो, साधारण पाच ते दहा टक्के. बिअरपेक्षा कमी नाही. डॉक्टर म्हणाले एक थेंब नको, आणि घरातली माणसं प्रेमाने रोज दोन झाकणं देतात! वहिनीवर चिडू नकोस, बाटलीवर द्राक्षाचं चित्र असतं, त्या बिचारीला कसं कळणार? पण आज रात्रीपासून ते बंद. चिनी 'याओ-च्यू' म्हणजे औषधी दारू, आणि थेंबांनी घ्यायची टिंक्चरं, यांनाही हाच न्याय.

तुझ्या मनात एक प्रश्न असेलच : मग शेकडो वर्षं त्या लोकांनी काय उगाच वापरलं? नाही. उगाच नाही वापरलं. मात्र कशासाठी वापरलं ते पाहायला हवं. चिनी ग्रंथांत दारू उतरवायला मुख्यतः कुडझूचं फूल येतं, 'ग-ह्वा'. तुझ्या पुडीत मुळी आहे. हॅमस्टरचा प्रयोग मुळीचा, परंपरेतलं फूल वेगळं, आणि विकणाऱ्याने दोघांची पुण्याई एकाच पुडीत बांधली. त्या फुलाचा सर्वांत प्रसिद्ध काढा तेराव्या शतकातल्या ली दोंगयुआन या वैद्याच्या नावावर आहे. पोट आणि पचन हा त्याचा आयुष्यभराचा विषय, आणि दारूने पोटात साचलेलं ओलसर जडत्व घामावाटे-लघवीवाटे बाहेर काढायचं, अशी या काढ्याची कल्पना. काढ्याखाली त्याने काय लिहून ठेवलंय माहितेय? हे नाइलाज झाला तरच द्यायचं, याच्या भरवशावर रोज प्यायचं नाही, तसं केलं तर आयुष्य कमी होईल. आठशे वर्षांपूर्वी त्याच्या दारातही कुणाची तरी वहिनी उभी राहिली असणार.

तिथे आणखी एक फळ आहे, 'च-च्यू-त्स', होवेनिया नावाच्या झाडाचं. जुन्या ग्रंथांत गोष्ट येते की घरदुरुस्ती चालू असताना या झाडाच्या लाकडाचा तुकडा दारूच्या रांजणात पडला आणि दारूचं पाणी झालं. सुतारावर काय प्रसंग आला असेल ते ग्रंथात नाही. त्याच झाडातल्या डायहायड्रोमायरिसेटिन या द्रव्याने उंदरांची झिंग कमी होते, असं लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. लगेच त्याच्या हँगओव्हरच्या गोळ्या बाजारात आल्या.

इथे नीट लक्ष दे, कारण विद्यार्थिनीचं उत्तर इथून सुरू होतं. झिंग उतरणं, पिण्याची ओढ कमी होणं आणि खराब झालेलं लिव्हर बरं होणं, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बाजार त्यांची मिसळ करून विकतो. हॅमस्टर कमी प्यायला, त्याचं लिव्हर बरं झालं असं कुणी म्हटलेलं नाही. माणसांत पाहायचं तर बॉस्टनजवळच्या एका रुग्णालयात २००५ साली १४ भरपूर पिणाऱ्यांना कुडझूचा अर्क आठवडाभर देऊन टीव्ही-फ्रिज असलेल्या खोलीत बसवलं, तर त्यांनी सरासरी जवळपास निम्मी बिअर प्यायली. त्याआधी अमेरिकेतल्याच माजी सैनिकांना साधी मुळी दिली होती, त्यांच्यात आणि खोट्या गोळ्या घेणाऱ्यांत काही फरक दिसला नाही. अर्क वेगळा, मुळी वेगळी, माणसं वेगळी. तुझ्या विषयातल्या माणसाला इथे काम करायला केवढं रान मोकळं आहे बघ.

लिव्हरच्या बाजूनं पाहिलं तर चित्र आणखी विचित्र. फॅटी लिव्हरवरच्या वनौषधींच्या ७७ चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये आढावा घेतला. त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक चाचणीत कच्चे दुवे होते. रक्ताचे रिपोर्ट सुधारले असं बहुतेकांनी लिहिलं, पण माणसं जगली किती, कुणाचं लिव्हर पुढे खराब व्हायचं थांबलं का, हे जवळपास कुणी मोजलं नव्हतं. दारूच्या बाबतीत तर फसगत ठरलेलीच, कारण माणूस ॲडमिट झाला की दारू बंद होते. नुसती बंद झाली तरी साधं फॅटी लिव्हर काही आठवड्यांत पुष्कळसं पूर्ववत होतं, एसजीओटी, जीजीटी हे रक्तातले लिव्हरचे आकडे खाली येतात. अशा माणसाला कोमट पाणी दिलं असतं तरी ते औषधी ठरलं असतं. आपल्याकडे तालुक्या-तालुक्याला कावीळ उतरवणारे असतात, गळ्यात माळ घालतात आणि ती लांब होत गेली की कावीळ उतरली म्हणतात. त्यांचंही यश यातूनच येतं. बहुतेक काविळी आपोआप उतरतात.

उंदरांचंही सांगते, कारण पीएच.डी. करायला घेतलीस तर तुझी पहिली दोन वर्षं त्यांच्यातच जाणार. द्रवरूप खाण्यात दारू मिसळून उंदराचं लिव्हर फॅटी करायची पद्धत लायबर आणि डिकार्ली यांनी घालून दिली, ती अजून चालते. पण माणसाला वर्षानुवर्षं पिऊन होतो तसा सिऱ्होसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) उंदराला सहसा होत नाही. म्हणून 'उंदरावर सिद्ध' असं कुठेही वाचलंस की पुढचं पान उलटायच्या आधी थोडं थांबत जा.

मग उघडायचं काय नि शिकायचं काय? मला विचारशील तर सर्वांत शिकण्यासारखी कथा जपानमध्ये घडली. इसवी सन २०० च्या सुमाराला चांग चोंगचिंग नावाच्या वैद्याने लिहिलेला सात जिनसांचा एक काढा आहे, जपानीत 'शो-साईको-तो'. त्यात आलं आहे, ज्येष्ठमध आहे, खजुरासारखी लाल बोरं आहेत. जपानने तो कारखान्यात दाणेदार करून अधिकृत औषध म्हणून लाखो लिव्हरच्या रुग्णांना दिला. मग फुप्फुसांना सूज येऊन माणसं दगावायला लागली आणि १९९६ मध्ये सरकारला तातडीचा इशारा काढावा लागला : दोन वर्षांत ८८ रुग्ण, त्यातले १० मृत. मुळात चांगने हा काढा ताप आणि थंडी आलटून-पालटून येणाऱ्या, तोंड कडू पडलेल्या, बरगड्यांखाली दाटून आलेल्या माणसासाठी लिहिला होता. जपानी डॉक्टरांनी तो लिव्हरच्या रुग्णांना सर्रास दिला. परंपरा आणि प्रयोगशाळा यांच्यामधल्या भाषांतरात माणसं मरू शकतात, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. त्याच चांगच्या दुसऱ्या ग्रंथात 'दारूची कावीळ' असा वेगळा आजारच आहे, गार्डेनियाचं फळ आणि रेवाचिनी घालून केलेल्या काढ्यासकट. आपल्या चरकसंहितेतल्या मदात्ययाशी, म्हणजे अति मद्यपानाच्या आजाराशी, तो ताडून बघ, रात्र पुरणार नाही.

शिवाय चिनी वैद्यकात 'गान' म्हणजे आपलं दीड किलोचं लिव्हर नव्हे. गानमध्ये रक्त साठतं, त्याने राग आवरतो, त्याचं दार डोळ्यांत उघडतं. आणि दारूचा पहिला तडाखा त्यांच्या मते पचनाच्या अवयवांना बसतो, ओलसर उष्णतेच्या रूपाने. त्यामुळे 'चिनी वैद्यकात लिव्हरसाठी अमुक' हे वाक्यच निम्मं चुकलेलं असतं. हे कळायला जुनी चिनी भाषा लागते, इंग्रजी सारांश पुरत नाहीत.

भाषेचं महत्त्व सांगायला एक नाव पुरे. यूयू तू. (हो, आडनावच 'तू'.) मलेरियाच्या औषधासाठी चिनी सरकारने १९६७ मध्ये गुप्त प्रकल्प सुरू केला. पुढे त्यात यूयू तू आल्या. छिंगहाव नावाच्या वनस्पतीचा उकळलेला अर्क कधी चालायचा, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या ग होंगच्या ग्रंथात त्यांना एक ओळ सापडली : मूठभर छिंगहाव पाण्यात भिजव, पिळ, रस पी. उकळ असं कुठेच नव्हतं! त्यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला, १९७१ मध्ये तो उंदरांत पूर्ण चालला, २०१५ मध्ये नोबेल मिळालं. त्या फार्मसीच्या पदवीधर होत्या, तुझ्यासारख्याच. छिंगहाव आर्टेमिसिया कुळातली, आणि चैत्रात जोतिबाला वाहतो तो दवणाही त्याच कुळातला. काविळीवर चिनी वैद्य जी वापरतात ती 'यिन-छन' हीसुद्धा आर्टेमिसियाच.

एवढं सांगूनही पाच वर्षांच्या पदवीला मी 'आत्ता नको' म्हणते. बीजिंग, शांघाय, क्वांगचौ आणि छंगतू इथली चिनी वैद्यकाची पहिली चार महाविद्यालयं १९५६ पासून आहेत, शिक्षण चांगलं आहे, त्याबद्दल शंका नाही. पण परत आल्यावर त्या पदवीवर तुला इथे काढे लिहून देता येणार नाहीत. भारतात आयुर्वेद, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक), होमिओपॅथी यांना मान्यता आहे, चिनी वनौषधी त्या यादीत नाही. ॲक्युपंक्चरला महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, तो सुयांचा प्रश्न, काढ्यांचा नव्हे. कुणी डॉक्टर कोटणीसांचा दाखला देईल, सोलापूरचे, १९३८ मध्ये चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. आपल्याला त्यांचा अभिमान वाटतो तो योग्यच. पण ते गेले शस्त्रक्रिया करायला, काढे शिकायला नाही.

तुझ्या हातात एम.फार्म. आहे, ती टाकून पुन्हा पहिल्या बाकावर बसू नकोस. नोकरी ठेवून आत्ताच चिनी भाषा सुरू कर. दीड-दोन वर्षांत लेबलं आणि शोधनिबंधांची शीर्षकं वाचता यायला लागतील. मग पीएच.डी.साठी असा मार्गदर्शक शोध ज्याच्या शेजारी खरे रुग्ण बघणारा यकृततज्ज्ञ आहे. विषय माझ्या मनात विचारशील तर विदारीकंद. सह्याद्रीत मिळतो, कुडझूचा नातेवाईक आहे, त्यात डेडझिन किती, त्याने ते विकर अडतं का, आणि बाजारात 'विदारीकंद' म्हणून विकतात ते खरंच विदारीकंद असतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुला दचकवेल. त्या कामाच्या जोरावर सहा महिने-वर्षभर शांघायला जाता आलं तर जरूर जा. तिथे लिव्हर कडक होणं रोखायला सहा जिनसांची 'फूचंग ह्वायू' कॅप्सूल बनवली गेली, तिची तपासणी बायोप्सीपर्यंत नेली गेली. ती बहुतांश हिपॅटायटिसच्या रुग्णांत, दारूवाल्यांत नव्हे, हे तू विसरणार नाहीस. पण काय मोजायचं हे त्यांना कळलं होतं.

आता पुन्हा दादाकडे, थोडक्यात. त्याची दारू घरच्या घरी एका दिवसात हिसकावून बंद करू नका. रोज पिणाऱ्याची एकदम सुटली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, फिट, भास इथपर्यंत जाऊ शकतं आणि त्याने माणूस दगावतो. सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) वगैरे चालू करून. लिव्हर खराब असतानाही ओढ कमी करणारी औषधं आहेत. बॅक्लोफेन सिऱ्होसिसच्या रुग्णांत तपासलं गेलंय, त्याला चालेल का ते त्याचे डॉक्टर ठरवतील. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, ती घरच्यांनाही चालते, आधी वहिनीलाच लावून दे. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, दिवसा गुंगी, पोट पुन्हा फुगणं, ताप, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

आणि गुपचूप काही नाही. ज्या घरात तो बाटली लपवतो त्याच घरात तुम्ही पुडी लपवायला लागलात तर एक दिवस ती त्याला सापडेल. मग डॉक्टरांनी दिलेली साधी गोळीसुद्धा तो हुंगून बघेल.

पुडी फेकू नकोस. दादाच्या पुढच्या तपासणीला त्याला सांगून बरोबर घेऊन जा, डॉक्टरांना दाखव. परत आणलीस की तुझ्या लॅबमध्ये, साहेबांची परवानगी घेऊन, एक टीएलसी (घटक वेगळे करून ओळखायची चाचणी) लावून बघ. हो शौ वू कच्ची आहे की शिजवलेली, आणि कुडझू खरंच आहे की नुसतं पीठ, ते मला कळव.

तुझी,
ताई